अतिरक्तदाब, मुलांमधील : निदान व उपचार यांतील अडचणी

वय, लिंग व उंची यांच्या मानाने मुलाचा रक्तदाब वारंवार अधिक आढळणे यास मुलांमधील अतिरक्तदाब म्हणतात. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी रोहिण्यांच्या भित्तींवर पडणाऱ्या कमाल दाबास आकुंचनी रक्तदाब आणि दोन आकुंचनांच्या दरम्यान उरणाऱ्या किमान दाबास प्रसरणी रक्तदाब म्हणतात. दोहोंचे मापन पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत (मिमी.) करतात. अतिरक्तदाब हा केवळ प्रौढांचा विकार आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे जे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात १९ वर्षे व त्याखालील वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. मापनाचे साधन साधे आहे व परिणामकारक औषधेही उपलब्ध आहेत. असे असूनही अतिरक्तदाब असलेली बहुसंख्य मुले चिकित्सालयात येऊन, रक्तदाब मोजून घेऊन, निदानावाचून परत जातात. याचे मुख्य कारण असे की, मुलाच्या बाबतीत रक्तदाबाचा आकडा आपणहून काहीच सांगत नाही. त्याला अर्थ येण्यासाठी अचूक मापन, तक्त्याशी तुलना, पुनर्मापन व कारणाचा शोध या पायऱ्या क्रमाने पार पडाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर काही मुले निसटतात.

महत्त्व : लहान वयातील अतिरक्तदाबाचे दोन प्रकार मानतात. ज्याच्यामागे दुसरा एखादा विकार असतो तो दुय्यम अतिरक्तदाब आणि ज्याचे निश्चित कारण सापडत नाही तो प्राथमिक अतिरक्तदाब होय. मूल जितके लहान व रक्तदाब जितका अधिक, तितकी दुय्यम प्रकाराची शक्यता जास्त असते. वृक्काचे (मूत्रपिंडाचे) विकार, वृक्क-रोहिणीचा संकोच, जन्मजात महारोहिणी-संकोच व अंतःस्त्रावी ग्रंथींचे विकार ही त्याची प्रमुख कारणे होत. भारतात वृक्क-रोहिणीच्या संकोचामागे ताकायासू रोहिणीशोथ हा विकार पुष्कळदा असतो. यांपैकी काही कारणे शस्त्रक्रियेने किंवा अन्य उपचारांनी दूर करता येतात. मात्र त्यासाठी ती वेळीच लक्षात यावी लागतात. प्राथमिक अतिरक्तदाब बहुधा मोठ्या मुलांत व किशोरवयात आढळतो. स्थूलता, आहारातील मिठाचे आधिक्य, व्यायामाचा अभाव व कौटुंबिक प्रवृत्ती यांच्याशी त्याचा संबंध असतो.

लहानपणीचा वाढलेला रक्तदाब पुढेही वाढलेलाच राहण्याकडे कल असतो, हे अमेरिकेच्या लुइझिअ‍ॅना राज्यातील बोगालूसा या गावी १९७३ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून, तसेच आयोवा राज्यातील मस्कटीन येथील अभ्यासातून दिसून आले. बोगालूसा येथे अपघाताने वा अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या मुलांच्या व तरुणांच्या शवपरीक्षांचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. महारोहिणीत व हृद्‌रोहिण्यांत होणाऱ्या वसायुक्त बदलांचा रक्तदाबासारख्या घटकांशी संबंध असल्याचे त्यांवरून आढळले. अमेरिका, फिनलंड व ऑस्ट्रेलिया येथील सात अभ्यासांतील ३८,००० हून अधिक व्यक्तींची सरासरी ३५ वर्षांची माहिती २०२२ मध्ये एकत्रितपणे मांडण्यात आली. बालपणीचा आकुंचनी रक्तदाब आणि मध्यमवयातील हृदयविकार व पक्षाघात यांचा परस्परसंबंध तीमुळे स्पष्ट झाला. अतितीव्र अतिरक्तदाबाचे परिणाम तर तात्काळ असतात. तीव्र वृक्कशोथात रक्तदाब एकाएकी वाढून मुलाला झटके येऊ शकतात व दृष्टी मंदावू शकते. याउलट सौम्य अतिरक्तदाबात बहुधा कोणतेही लक्षण नसते. मूल खेळत असते, शाळेत जात असते. त्यामुळे मोजल्याखेरीज तो कळण्याचा अन्य मार्ग नाही.

निदानातील तूट : ही तूट किती मोठी आहे, हे अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील क्लीव्हलंड येथील एका पाहणीने २००७ मध्ये दाखवून दिले. तेथील चिकित्सालयांत निरोगी मुलांच्या नियमित तपासणीसाठी किमान तीन वेळा आलेल्या ३ ते १८ वर्षे वयाच्या १४,१८७ मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. नोंदलेल्या आकड्यांवरून ५०७ मुलांना (३.६ टक्के) अतिरक्तदाब असल्याचे ठरले, पण त्यांपैकी केवळ १३१ मुलांच्या (२६ टक्के) कागदपत्रांत तसे निदान लिहिलेले होते. म्हणजे दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचा वाढलेला रक्तदाब प्रत्यक्ष मोजलेला होता, लिहिलेला होता आणि तरीही कोणी ओळखला नव्हता. येथे उणीव साधनांची नव्हती, तर आकड्याचा अर्थ लावण्याची होती. सुमारे चार लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकन पाहणीतही निदानाचे प्रमाण सुमारे २३ टक्केच आढळले.

मापनातील अडचणी : रक्तदाब मोजण्यासाठी दंडाभोवती हवा भरण्याचा पट्टा गुंडाळण्याची पद्धत शीपिओने रीव्हा-रॉच्ची या इटालियन वैद्यांनी १८९६ मध्ये प्रचारात आणली. स्टेथॉस्कोपने रोहिणीतील ध्वनी ऐकून दोन्ही दाब ठरविण्याची रीत रशियन शस्त्रक्रियाविशारद न्यिकलाय कॉरॉटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सुचविली. आजही हीच रीत प्रमाणभूत मानली जाते. मुलांच्या बाबतीत तिची पहिली अट म्हणजे पट्ट्याचे योग्य माप ही होय. पट्ट्यातील रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या मध्यावरील घेराच्या सुमारे ४० टक्के व लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के असावी लागते. पट्टा लहान पडल्यास रक्तदाब खोटा अधिक दिसतो व फार मोठा असल्यास तो कमी दिसतो. म्हणून मुलांच्या चिकित्सालयात तान्ह्या बालकापासून स्थूल किशोरापर्यंत निरनिराळ्या मापांचे अनेक पट्टे हाताशी असणे आवश्यक असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी प्रौढांचा एकच पट्टा असतो. अशा वेळी एक तर लहान मुलाचा रक्तदाब मोजलाच जात नाही किंवा चुकीचा मोजला जातो.

मापनापूर्वी मुलाने तीन ते पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीस व पायांस आधार असावा आणि उजवा दंड हृदयाच्या पातळीत ठेवलेला असावा, असा नियम आहे. उजव्या दंडाचा आग्रह धरण्याचे कारण असे की, महारोहिणी-संकोचात डाव्या हातातील दाब खोटा कमी भरण्याचा संभव असतो. रडणाऱ्या, घाबरलेल्या किंवा इंजेक्शनच्या भीतीने आकसलेल्या मुलाचा रक्तदाब तात्पुरता वाढतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांची ही शांतता मिळणे कठीण असते. पाऱ्याचा वापर कमी करण्याविषयीच्या मिनामाता कराराने (२०१३) पाऱ्याच्या रक्तदाबमापकांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबविण्यासाठी २०२० ही मुदत ठरविली. त्यानंतर स्वयंचलित उपकरणांचा प्रसार वाढत गेला. ही उपकरणे रोहिणीतील आंदोलनांवरून दाब ठरवितात. प्राथमिक चाळणीसाठी ती सोयीची आहेत. पण त्यांवर अधिक आढळलेला रक्तदाब स्टेथॉस्कोपने पुन्हा मोजून निश्चित करावा लागतो. तसेच प्रत्येक उपकरण मुलांसाठी पारखलेले असतेच असे नाही.

आकड्याचा अर्थ लावण्यातील अडचणी : प्रौढाच्या बाबतीत १४० व ९० असे ठरावीक आकडे वैद्याच्या तोंडी बसलेले असतात. मुलांना असा एक आकडा लागू पडत नाही. कारण वय व उंची यांबरोबर स्वाभाविक रक्तदाबही वाढत जातो. सहा वर्षांच्या मुलाचा आकुंचनी रक्तदाब ११८ मिमी. आढळल्यास प्रौढांच्या सवयीने तो कोणासही निर्दोष वाटेल; वस्तुतः तो त्या वयाच्या मर्यादेच्या वर असतो. म्हणून मुलांच्या मर्यादा शततमकांत सांगतात. एकाच वयाच्या, लिंगाच्या व उंचीच्या शंभर मुलांपैकी ९५ मुलांचा रक्तदाब ज्या आकड्याखाली असतो, तो ९५ वा शततमक होय. अमेरिकेत नेमलेल्या अभ्यासगटाने १९७७ मध्ये असे तक्ते प्रथम प्रसिद्ध केले व पुढे १९८७, १९९६ आणि २००४ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. बालरोगतज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१७ मध्ये नवीन तक्ते तयार केले. स्थूल मुलांची मापे त्यांतून वगळण्यात आली व त्यामुळे मर्यादा काहीशा खाली आल्या. तीन निरनिराळ्या भेटींत रक्तदाब ९५ व्या शततमकाइतका किंवा त्याहून अधिक असल्यास अतिरक्तदाब मानावा आणि १३ वर्षांपासून पुढे १३० व ८० मिमी. ही सरसकट मर्यादा धरावी, असे त्यात ठरविण्यात आले. यूरोपीय संस्थेने मात्र २०१६ मध्ये १६ वर्षांपासून पुढे प्रौढांची मर्यादा स्वीकारली. त्यामुळे एकच किशोर एका पद्धतीने रोगी व दुसरीने निरोगी ठरू शकतो.

हे तक्ते वापरण्यास क्लिष्ट आहेत. प्रथम मुलाची उंची मोजावी लागते, उंचीचा शततमक काढावा लागतो, मग वय व लिंग यांच्या रकान्यातून मर्यादा शोधावी लागते. काही मिनिटांत एक रुग्ण तपासावा लागणाऱ्या वैद्याकडून हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत घडत नाही. क्लीव्हलंड येथील तुटीचा उलगडा बऱ्याच अंशी यातूनच होतो. ही अडचण ओळखून २०१७ च्या मार्गदर्शनात केवळ वय व लिंग यांवर आधारलेला एक सोपा तक्ता जोडण्यात आला. त्यानुसार ५ वर्षांच्या मुलग्यात १०३ व ६३ आणि १० वर्षांच्या मुलग्यात १०८ व ७२ मिमी. यांपैकी कोणताही आकडा गाठला गेल्यास पुढील तपासणी करावी, असे सुचविले आहे. हे आकडे निदानाचे नसून केवळ चाळणीचे आहेत.

पुनर्मापन व पाठपुरावा : एकदा अधिक आढळलेला रक्तदाब पुढील भेटींत पुष्कळदा स्वाभाविक भरतो. म्हणून एका मापनावरून मुलावर रोगाचा शिक्का मारणे अयोग्य ठरते. परंतु याच सावधगिरीतून एक अडचण निर्माण होते. पहिला अधिक आकडा ‘मूल घाबरले असेल’ म्हणून सोडून दिला जातो, पुढची भेट दुसऱ्याच कारणासाठी दुसऱ्याच वैद्याकडे होते आणि तीन भेटींची साखळी कधी पूर्णच होत नाही. पालकांच्या दृष्टीने मूल धडधाकट असते. केवळ रक्तदाब मोजण्यासाठी मजुरी बुडवून, प्रवासखर्च करून पुन्हा येण्याची निकड त्यांना वाटत नाही. ‘मुलांना कुठे रक्तदाब असतो?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो व आजी-आजोबांच्या विकाराचे नाव नातवाला चिकटावे, हे कुटुंबास रुचत नाही.

चिकित्सालयातील भीतीमुळेच वाढणारा रक्तदाब आणि खरा अतिरक्तदाब यांतील भेद जाणण्यासाठी चोवीस तास अंगावर वागविण्याचे स्वयंचलित उपकरण उपयोगी पडते. ते दिवसा व झोपेत ठरावीक अंतराने रक्तदाब नोंदते. २०१७ च्या मार्गदर्शनात निदान पक्के करण्यासाठी त्याची शिफारस आहे. परंतु उपकरण महाग असते, ते मोठ्या केंद्रांतच मिळते व लहान मुले ते सहन करीत नाहीत. शिवाय त्याची सर्वाधिक वापरली जाणारी प्रमाणे मध्य यूरोपातील मुलांच्या मापनांवरून ठरविलेली असून ती १२० सेंमी.हून कमी उंचीच्या मुलांना लागू करता येत नाहीत.

कारणाचा शोध : निदान निश्चित झाल्यावर लघवीची तपासणी, रक्तातील क्रिॲटिनीन व लवणांचे प्रमाण आणि वृक्कांची श्राव्यातीत ध्वनी-तपासणी यांवरून पुष्कळशा दुय्यम कारणांचा सुगावा लागतो. जांघेतील नाडी हाताने चाचपण्यास तर कोणतेच साधन लागत नाही. ती क्षीण किंवा विलंबाने लागत असल्यास महारोहिणी-संकोचाचा संशय घेऊन हातापायांचा रक्तदाब तोलून पाहतात. हा साधा तपास घाईत राहून जातो व वर्षानुवर्षे विकार झाकलेला राहतो. याउलट, सहा वर्षांहून मोठ्या, स्थूल व घराण्यात अतिरक्तदाब असलेल्या मुलात इतर काही खूण नसल्यास विस्तृत व खर्चिक तपासण्यांची जरूरी नसते. कोणाच्या बाबतीत किती शोध घ्यावा, याचा निर्णय सामान्य वैद्यास अवघड वाटतो. मुलांचे वृक्कविकारतज्ञ व हृदयविकारतज्ञ मोठ्या शहरांतच एकवटलेले असल्याने अशी मुले पुढे पाठविणेही लांबणीवर पडते.

उपचारातील अडचणी : लक्षणरहित, सौम्य, प्राथमिक अतिरक्तदाबात प्रथम आहार, वजन व व्यायाम यांत सुधारणा करून सुमारे सहा महिने वाट पाहतात. हा सल्ला देणे सोपे असले, तरी पाळणे कठीण असते. कारण मुलाचा आहार म्हणजे साऱ्या घराचा आहार होय. लोणचे, पापड, फरसाण व वेष्टनबंद खाद्यपदार्थ यांतून जाणारे मीठ एकट्या मुलापुरते कमी करता येत नाही. खेळाची मैदाने व मोकळा वेळ यांवर वैद्याची सत्ता चालत नाही. दुय्यम किंवा तीव्र अतिरक्तदाबात, तसेच वृक्कविकार वा मधुमेह असल्यास औषधे द्यावी लागतात. अँजिओटेन्सिन-रूपांतरक एंझाइमाचे निरोधक, अँजिओटेन्सिन-ग्राहींचे रोधक, कॅल्शियम-मार्ग रोधक व थायाझाइड गटातील मूत्रल ही त्यांत मुख्य आहेत. यूरोपात वृक्कविकारग्रस्त ३८५ मुलांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवल्यास वृक्कांचा ऱ्हास मंदावतो, असे सिद्ध झाले. म्हणून अशा मुलांत केलेली चालढकल विशेष घातक ठरते.

औषधे मुख्यतः प्रौढांच्या मात्रेच्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. लहान मुलासाठी गोळी मोडून वा कुटून द्यावी लागते व त्यामुळे मात्रा कमीजास्त होते. मुलांवरील औषधचाचण्याही दीर्घकाळ दुर्मिळ होत्या. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने अशा चाचण्या करणाऱ्या उत्पादकांना विक्रीहक्काची वाढीव मुदत दिल्यानंतर त्यांना चालना मिळाली. तथापि औषध किती वर्षे द्यावे व वाढत्या वयात त्याचे दूरगामी परिणाम काय, याविषयीची साशंकता अनेक वैद्यांना औषध सुरू करण्यापासून परावृत्त करते. किशोरवयीन मुलींत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अँजिओटेन्सिनाशी संबंधित औषधे गर्भास अपायकारक असल्याने त्याविषयी स्पष्टपणे बोलणे आवश्यक असते. परंतु संकोचामुळे ते टाळले जाते.

भारतातील परिस्थिती : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. अंगणवाड्या व शाळा यांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फिरत्या वैद्यकीय पथकांकडून करण्याची त्यात योजना आहे. त्याच्या आरंभीच्या तीस विकारांच्या यादीत जन्मजात व संधिवातजन्य हृदयविकार आहेत. परंतु अतिरक्तदाबाचा स्वतंत्रपणे उल्लेख नाही. अतिरक्तदाब नियंत्रणाचा भारतीय उपक्रम २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला, तो प्रौढांसाठी होता. अशा रीतीने मूल दोन योजनांच्या मधल्या फटीत राहते. बालवृक्कविकारतज्ञांच्या भारतीय गटाने २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तथापि त्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचून अंमलात येण्यासाठी योग्य मापाचे पट्टे व वाचता येण्याजोगा तक्ता यांची जोड लागते. जन्मतः वजन कमी असणे व पुढे झपाट्याने वजन वाढणे यांचा नंतरच्या रक्तदाबाशी संबंध जोडला जातो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चालविलेल्या मातृपोषणविषयक अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ. आढळले. हे पाहता हा प्रश्न केवळ शहरी, स्थूल मुलांपुरता मर्यादित मानता येत नाही.

मतभेद व उपाय : सर्व लक्षणरहित मुलांचा रक्तदाब नियमाने मोजावा की नाही, याविषयी एकमत नाही. बालरोगतज्ञांच्या अमेरिकन अकादमीने तीन वर्षांपासून पुढे दरवर्षी तो मोजण्याची शिफारस केली आहे. त्याच देशातील प्रतिबंधक सेवाविषयक कृतिदलाने मात्र २०१३ व २०२० मध्ये, अशा चाळणीच्या लाभालाभाविषयी पुरेसा पुरावा नाही, असा निर्णय दिला. निरोगी मुलास रोगी ठरविण्याचा धोका खरा आहे. पण तो न मोजण्याने टळत नसून काळजीपूर्वक व पुनःपुन्हा मोजण्याने टळतो. वृक्कविकार, महारोहिणीचे विकार, मधुमेह वा स्थूलता असलेल्या मुलांत, तसेच अपुऱ्या दिवसांच्या जन्मलेल्या मुलांत मोजमापाच्या आवश्यकतेविषयी मतभेद नाहीत.

वर सांगितलेल्या अडचणी दुस्तर नाहीत. अमेरिकेतील एका प्राथमिक आरोग्यसेवेच्या वीस चिकित्सालयांत झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा प्रत्यय आला. संगणकातील नोंदवहीच मुलाचे वय, लिंग व उंची पाहून रक्तदाबाचा अर्थ वैद्यास सांगेल, अशी व्यवस्था काही चिकित्सालयांत करण्यात आली. तेथे अतिरक्तदाब सहा महिन्यांच्या आत ओळखला जाण्याचे प्रमाण ५४.९ टक्के झाले, तर नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या चिकित्सालयांत ते २१.३ टक्केच राहिले. जेथे संगणक नाही तेथे भिंतीवर लावलेला सोपा तक्ता, तीन-चार मापांचे पट्टे, रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेचे प्रशिक्षण आणि पुढील भेटीची तारीख लिहिलेले कार्ड यांनी बरेचसे कार्य साधते. तरीही ज्या मुलांचा रक्तदाब ओळखला गेला नाही, अशी जवळजवळ निम्मी मुले त्या सुधारित चिकित्सालयांतही उरलीच. यावरून असे दिसते की, आकड्याचा अर्थ सांगणारे साधन वैद्याच्या हाती देणे ही पहिली पायरी असून, पुढील भेटी पूर्ण करून घेण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणावर तरी सोपविल्याखेरीज ही साखळी पुरी होत नाही.